विषय : चालकांच्या तुटवड्याबाबत

मा. परिवहन मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार, वि. वि.
इथवर टाइप करतो आणि थांबतो.
अण्णांचा चहा यायचा आहे.

कावळा नाक्याजवळ, टायरच्या दुकानावर
आमच्या बसमालक संघटनेचं ऑफिस.
खाली गाडी सुरू झाली
की टेबलाच्या काचेखालचे जुने परवाने थरथरतात.

बुगटे अण्णा बशीत चहा ओततात, म्हणतात, लिही :
चौसष्ट गाड्या, ड्रायव्हर एकोणचाळीस.
बाकीच्या शिरोलीच्या माळावर हुब्या हाईत,
चाकाच्या वर गवत आलंय, तेबी लिही.
मी लिहितो, 'पंचवीस वाहने विनावापर'.
गवत राहून जातं.

लिही, टोल. लिही, हप्ते. लिही, विम्याचं वाढलेलं.
लिही, हल्लीची पोरं स्टेअरिंगला हात लावंनात.
का लावंनात,
ते कुठल्या परिच्छेदात घालू,
मी विचारत नाही.

दस्तगीर शिकलगार रात्री नवाला निघतो,
पहाटे बोरिवली.
एक दिवस तिथं, एक दिवस इथं.
घर चंदगडकडं, जाऊन येईस्तोवर पुन्हा नऊ.
म्हणून गाडीच्या डिकीत झोपतो :
गुळाच्या ढेपा, चपलांची खोकी,
कुणाच्या तरी लेकीला धाडलेला चटणीचा डबा,
आणि मधल्या फटीत दस्तगीर.
लहान होती तेव्हा त्याची पोरगी म्हणायची,
अब्बा, तुमच्या अंगाला गोड वास येतो.
आता कॉलेजात जाते. म्हणत नाही.

इराप्पाचा बायोडाटाही मीच टाइप केलेला.
'ड्रायव्हर' खोडून 'वाहतूक क्षेत्र' केलं.
नवव्या स्थळाच्या मामानं विचारलं,
क्षेत्र म्हंजे, किती एकर?

निवेदन घेऊन मुंबईला जायचं ठरलं.
अकरा पदाधिकारी, अकरा फेटे,
गाडी धुतली, हार घातला,
आणि चालवायला माणूस नाही.
कुणी हसलं नाही.
मग अण्णांनी फेटा उतरून डॅशबोर्डवर ठेवला.
सहासष्ट वय.
चौदाव्या वर्षी गडहिंग्लजच्या गाडीवर क्लीनर होतो,
हे त्यांचं भाषणातलं वाक्य,
आम्ही टाळ्या वाजवायचो त्या ठिकाणचं.
खंबाटकीच्या अलीकडं काच पूर्ण खाली घेतली त्यांनी
आणि स्वतःच्याच मांडीला चिमटे काढत राहिले.
मी शेजारून मोजत होतो. मग सोडून दिलं.

मंत्री दौऱ्यावर होते.
एका बाईंनी शिक्का मारला, 'प्राप्त'.
तारीख जरा पुसट.

रात्री परत फिरायचं, दिवस सगळा अंगावर.
बाकीचे समुद्र बघायला गेले.
अण्णा दिसेनात.
डिकीचं दार अर्धं उघडं, बाहेर फक्त पाय,
खाली चपला, देवळाबाहेर काढाव्यात तशा जोडीनं.
उठले तेव्हा गालावर पोत्याची नक्षी.
म्हणाले, बघतोस काय लका, चहा आण.

पुढच्या मंगळवारी ऑफिसात दोन खाटा आल्या,
एक पंखा, एक मच्छरदाणी.
माझं टेबल बाहेर, जिन्याच्या तोंडाशी.
सभासद कुरकुरले, ही काय धर्मशाळा हाय?
अण्णांनी बशीत चहा ओतला.

इराप्पा काही थांबला नाही. जेसीबीवर गेला.
गवतातल्या पंचवीसच्या सव्वीस झाल्या.
पण त्याचं जमलं म्हणे,
पट्टणकोडोलीची मुलगी.

आज स्मरणपत्र टाइप करतोय.
'उपरोक्त विषयास अनुसरून...'
दाराआड दस्तगीर घोरतोय.
कीबोर्ड जुना, 'ट' ठोकावाच लागतो,
आणि 'तुटवडा' चार ठिकाणी आहे.
त्या चार जागा
संध्याकाळपर्यंत
मोकळ्या सोडल्यात.